लिनक्स टाकलं आणि वायफाय गेलं: पुन्हा इन्स्टॉल करायच्या आधी एवढं बघून घ्या

'वायफाय चालत नाही' या तीन शब्दांत लोक पाच वेगवेगळ्या तक्रारी सांगतात. तुमची नेमकी कोणती ते आधी ठरवा.

१. वायफायचं चिन्हच दिसत नाही. सेटिंग्ज उघडल्या तर ॲडॉप्टर सापडला नाही असं लिहून येतं, नाहीतर वायफायचा रकानाच नसतो.

२. चिन्ह आहे, पण वायफाय बंद आहे. चालू करायला गेलं की बटण लगेच मागे सरकतं.

३. मजल्यावरच्या सगळ्यांची नेटवर्कं दिसतात, आपलंच दिसत नाही. किंवा दिसतं, पण पासवर्ड बरोबर टाकूनही तो पुन्हा पुन्हा विचारत राहतं.

४. जोडलं जातं, पण दर थोड्या वेळानं तुटतं. किंवा राउटरला खेटून बसलं तरच चालतं, बेडरूममध्ये गेलं की संपलं.

५. काल रात्रीपर्यंत छान चालू होतं. अपडेट घेतलं, रीस्टार्ट केलं आणि गेलं.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. ओळखीपाळखीच्यांचे जुने लॅपटॉप लिनक्सवर आणून द्यायचा उद्योग हौसेनं करतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि हा उद्योग वाढला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे कळव्यापासून खारघरपर्यंत घराघरांत चांगले चालते लॅपटॉप एकदम 'जुने' झाले. त्यांवर मिंट किंवा उबुंटू (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) टाकलं की स्क्रीन येते, आवाज येतो, छापायलाही बहुतेक वेळा अडत नाही. अडतं ते वायफायपाशी. मग फोन येतो, 'काका, वायफाय येत नाहीये, परत टाकू का?'

नको. जी फाइल आधी नव्हती ती परत टाकल्यावरही नसणार, जो स्विच बंद होता तो बंदच राहणार. आणि मिंट काढून उबुंटू, उबुंटू काढून फेडोरा हा खेळ तर अजिबात नको. लॅपटॉपच्या आतलं वायफायचं कार्ड कोणतं आहे हे न बघता केलेली प्रत्येक इन्स्टॉलेशन म्हणजे वाया गेलेली संध्याकाळ.

एक सूचना. आज्ञा मी फोनवर सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा द्यायच्या खिडकीत, त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

सगळ्यात आधी: केबलनं मोबाइलचं नेट द्या

ही तपासणी नाही, पण हिच्यावाचून पुढचं बरंचसं अडतं. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा, फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये जाऊन 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला फोन हे तारेचं नेटवर्क वाटतं आणि अर्ध्या मिनिटात नेट सुरू होतं, कुठलाही ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) न टाकता. ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेट यायला ड्रायव्हर हवा, ही गाठ इथे सुटते.

केबल डेटा जाणारी हवी. रेल्वे स्टेशनबाहेर मिळणाऱ्या स्वस्त केबलींपैकी बऱ्याच फक्त चार्जिंगच्या असतात. टेदरिंगचं बटण धूसर राहिलं तर पहिला संशय केबलवर घ्या. राउटरजवळ बसता येत असेल आणि लॅपटॉपला लॅनचं भोक असेल तर लॅनची वायरही चालेल.

स्विच, एअरप्लेन मोड आणि अदृश्य कुलूप

तक्रार दोन असेल तर बहुधा इथेच संपेल. २०१२ च्या आसपासच्या कितीतरी लॅपटॉपना पुढच्या किंवा बाजूच्या कडेला नखाएवढा सरकता स्विच असतो. बॅगेत ठेवताना तो सरकतो. मालकाला तो आहे हेच माहीत नसतं, कारण विंडोजमध्ये त्याला कधी हात लावावा लागलेला नसतो. बाकीच्यांना एफएन आणि वरच्या ओळीतली एक की, त्यावर विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र.

मग टर्मिनल उघडून 'आरएफकिल लिस्ट' द्या. स्पेलिंग आर, एफ, के, आय, एल, एल, मग एक जागा सोडून लिस्ट. उत्तरात वायरलेस लॅनखाली दोन ओळी येतील: सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड. सॉफ्टपुढे 'यस' असेल तर सॉफ्टवेअरनं बंद केलंय. 'सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल' दिलं की सुटतं ('सुडो' म्हणजे मालकाच्या अधिकारानं चालवणं). हार्डपुढे 'यस' असेल तर प्रत्यक्ष स्विच किंवा की बघायची, टाइप करून ते सुटणार नाही.

हार्ड ब्लॉक्ड 'यस', आणि लॅपटॉपला स्विच तर कुठेच नाही? असंही होतं. लेनोवोच्या काही आयडियापॅड मॉडेलांवर लिनक्सचं एक मॉड्यूल (ड्रायव्हरसारखा तुकडा) नसलेल्या स्विचची स्थिती वाचतं आणि तो बंद आहे असं ठरवून टाकतं. 'सुडो मॉडप्रोब डॅश आर आयडियापॅड अंडरस्कोर लॅपटॉप' देऊन ते मॉड्यूल तात्पुरतं काढा. वायफाय लगेच आलं तर दोषी सापडला. मग त्याला कायमचं ब्लॅकलिस्ट करायचं, म्हणजे ते कधी चालूच होऊ द्यायचं नाही. एखाददुसरी एफएन की त्यानं बंद पडू शकते, तेवढी किंमत चालण्यासारखी आहे.

विंडोज सोबत ठेवलंय?

मग एक फुकटची तपासणी. विंडोजमध्ये जा आणि तिथून 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' करून लिनक्समध्ये या. वायफाय आलं? मग गुन्हेगार आहे फास्ट स्टार्टअप. हे चालू असताना विंडोजचं शट डाउन पूर्ण होत नाही. विंडोज आपली अर्धी अवस्था डिस्कवर लिहून झोपतं, आणि काही वायफाय कार्डंही त्या अर्धवट अवस्थेत अडकून राहतात. रीस्टार्ट मात्र पूर्ण होतो. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणानं काय व्हावं हे ठरवायच्या पानावर, फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका. डी ड्राइव्हवरच्या फाइली लिनक्समधून नुसत्या वाचता येतात, बदलता येत नाहीत, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा तीही याच खुणेबरोबर जाते.

विंडोज नसेल तरी लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. बॅटरी सहज निघणारी असेल तर तीही काढा. कार्डात अडकलेली अवस्था पुसली जाते. पैसे लागत नाहीत, म्हणून करून बघायचं.

राउटर निर्दोष समजू नका

तक्रार तीनची मंडळी थेट ड्रायव्हरच्या मागे लागतात. थांबा. आधी आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा आणि लॅपटॉप त्याला वायफायनं जोडून बघा. जोडला गेला तर कार्ड, ड्रायव्हर, लिनक्स सगळं ठीक आहे. अडचण घरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये आहे. फायबर जोडून देणारा मुलगा राउटर चपलांच्या कपाटावर ठेवतो, सेटिंग आहे तशी सोडतो आणि पुढच्या घरी जातो. मोबाइल नवे असतात, त्यांचं त्यात भागतं. दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपचं भागत नाही.

बघायच्या गोष्टी तीन. पहिली, सुरक्षेचा प्रकार. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर, म्हणजे सुरक्षेच्या नव्या पद्धतीवर, असेल तर जुनी कार्डं गोंधळतात; ब्रॉडकॉम कंपनीच्या बंदिस्त ड्रायव्हरला तर डब्ल्यूपीए३ कळतच नाही. मग पासवर्ड शंभर टक्के बरोबर असूनही तो परत विचारतो. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडा. त्याच्याही खाली उतरू नका, आणि पासवर्डच काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

दुसरी, बँड, म्हणजे राउटर कोणत्या लहरींवर बोलतो ते. जुनी बरीच कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकतात. राउटरवर २.४ बंद ठेवून नुसतं ५ चालू असेल तर लॅपटॉपला ते नेटवर्क दिसणारच नाही, तुम्ही लिनक्स कितीदाही बदला.

तिसरी, चॅनेल. आपल्याकडे २.४ मध्ये १३ पर्यंतची चॅनेलं चालतात. अमेरिकेत प्रघात ११ पर्यंतचा, आणि काही कार्डं तिथल्या नियमांनुसार बसवलेली असतात. राउटरनं 'ऑटो'मध्ये स्वतःहून १२ किंवा १३ धरलं की त्या कार्डाला आपलं नेटवर्क अदृश्य. राउटरला १, ६ किंवा ११ यांपैकी एक नेमून द्या. हेच तीन का, तर ते एकमेकांवर चढत नाहीत. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये लॅपटॉप उघडला की पंचवीस-तीस नेटवर्कांची यादी येते. तिथे हे चॅनेल नेमून देणं तक्रार चारवरही अर्धं औषध आहे.

कार्डाचं नाव विचारा

इथून पुढे अंदाजानं चालायचं नाही. टर्मिनलमध्ये एल, एस, पी, सी, आय, जागा, डॅश, एन, एन, के असं द्या. लांबलचक यादी येईल. तिच्यात नेटवर्क कंट्रोलर किंवा वायरलेस असं लिहिलेली ओळ शोधा. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात दोन आकडे असतात, मध्ये अपूर्णविराम. त्यातला पहिला कंपनीचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १६८सी म्हणजे ॲथेरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. त्या ओळीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का ते बघा. असेल तर ड्रायव्हर लागलाय आणि अडचण पुढे कुठेतरी आहे. नसेल तर कार्ड दिसतंय पण त्याला चालवणारं कोणी नाही.

हा मजकूर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोणालाही मदत मागताना 'अमुक कंपनीचा लॅपटॉप' एवढं सांगून भागत नाही. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत दोन वेगळी कार्डं निघतात.

वायफायची ओळच नसेल? मग ड्रायव्हरचा विषय संपला. खालच्या 'मागचं झाकण' या भागाकडे जा.

ओळ आहे, ड्रायव्हरही आहे, तरी वायफाय नाही, असं असेल तर 'सुडो डीमेसेज' देऊन (डी, एम, ई, एस, जी) येणाऱ्या मजकुरात 'फर्मवेअर' हा शब्द शोधा. तिथे लोड झालं नाही असं सांगून पुढे उणे दोन हा आकडा असेल तर त्याचा अर्थ सरळ आहे: फाइल सापडली नाही. बहुतेक वायफाय कार्डांच्या पोटात स्वतःचा प्रोग्राम नसतो. लॅपटॉप चालू झाला की तो डिस्कवरून कार्डात भरावा लागतो. तो प्रोग्राम कंपनीच्या मालकीचा, आणि तो वाटायची परवानगी कंपनीनं दिली तरच लिनक्सवाले तो सोबत देऊ शकतात. डेबियन या लिनक्सच्या प्रकारानं तर तत्त्व म्हणून अशा फाइली अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतल्या नव्हत्या. मतदान होऊन त्या घेतल्या गेल्या डेबियन १२ पासून, म्हणजे जून २०२३ मध्ये. कोणी त्याआधीच्या डेबियनचा पेनड्राइव्ह दिला असेल तर वायफाय न येण्याचं कारण बहुधा हेच. उबुंटू-मिंटवर टेदरिंगनं नेट देऊन 'लिनक्स-फर्मवेअर' हे पॅकेज अपडेट करा आणि रीस्टार्ट करा.

हा आजार वायफायबरोबर आलेला नाही. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे इंटरनेट सर्वांना खुलं केलं. पुढे घरोघरी पीसीत जे स्वस्त मोडेम आले त्यांतले कितीतरी 'विनमोडेम' होते. मोडेमचं निम्मं काम विंडोजचा ड्रायव्हर करायचा, कार्डावर फारसं काही नसायचंच. लिनक्स टाकलं की फोनची लाइन आहे, मोडेम आहे, आणि नेट नाही. तेव्हाचा उतारा म्हणजे सीरियल पोर्टला लावायचा बाहेरचा मोडेम. उबुंटूच्या फुकट सीडी पोस्टानं घरी यायच्या त्या काळातही, आणि त्या २०११ पर्यंत येत होत्या, सीडी मिळवणं सोपं आणि नेट जोडणं अवघड अशीच गत होती. आता सीडी गेल्या. मोडेमच्या जागी वायफाय कार्ड आलं.

कंपनीप्रमाणे औषध

इंटेल: यात सहसा काही करावं लागत नाही. अडलंच तर उलट्या कारणानं, लॅपटॉप नवा आणि लिनक्स जुनं. कार्ड बाजारात आलं त्याआधीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) असेल तर त्याला ते ओळखता कसं येणार? मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये 'व्ह्यू' मेनूत कर्नलची यादी असते, तिथून नवा घ्या.

ब्रॉडकॉम: इथे जास्त थांबू, कारण इथेच लोक सगळ्यात जास्त बिघडवून ठेवतात. या कार्डांना दोन प्रकारचे ड्रायव्हर आहेत, एक खुला आणि एक कंपनीचा बंदिस्त, 'डब्ल्यूएल' नावाचा. कोणत्या कार्डाला कोणता चालेल हे आकड्यावर ठरतं, आणि दोन्ही एकदम टाकले तर ते एकमेकांच्या पायात येतात. नेटवर जी सापडेल ती आज्ञा एकामागून एक चिकटवणाऱ्यांच्या लॅपटॉपवर नेमकं हेच झालेलं असतं: तीन ठिकाणचे ड्रायव्हर, दोन ब्लॅकलिस्ट, आणि शेवटी एकही चालत नाही. त्यामुळे हातानं काही टाकू नका. मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर', उबुंटूमध्ये 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' उघडा, जे सुचवलंय त्यापुढची खूण करा, लागू करा, रीस्टार्ट करा. मिंटवर नेट नसलं तरी चालतं: ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकलं तोच लावून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर त्याच्यातच असतो. म्हणून तो पेनड्राइव्ह लगेच पुसून सिनेमे भरू नका.

रिअलटेक: वायफाय दिसतं पण राउटरला खेटूनच चालतं, ही तक्रार चारची दुसरी तऱ्हा. कार्ड ८७२३बीई असेल तर मला कारण विचारावंही लागत नाही. काही लॅपटॉपांत या कार्डाला अँटेनाची एकच वायर जोडलेली असते आणि ड्रायव्हर दुसऱ्या भोकाकडे कान लावून बसतो. विंडोजच्या ड्रायव्हरला ते सांगितलेलं असतं, लिनक्सच्या नसतं. ईटीसीमधल्या (लिनक्सच्या सेटिंग्ज जिथे असतात ते फोल्डर) मॉडप्रोब-डॉट-डी या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करा, नावाच्या शेवटी डॉट कॉन्फ. आत एकच ओळ: ऑप्शन्स, जागा, आरटीएल८७२३बीई, जागा, एएनटी-अंडरस्कोर-एसईएल, बरोबरचं चिन्ह, २. बरोबरच्या चिन्हाच्या आगेमागे जागा सोडायची नाही. रीस्टार्ट करा. फरक पडला नाही तर २ च्या जागी १ करा. बेडरूममधून एक कांडीही न दाखवणारं चिन्ह यानंतर भरलेलं दिसतं, आणि घरच्यांना तुम्ही काहीतरी मोठं केलंय असं वाटतं. वाटू द्या.

थोड्या वेळानं तुटतं

कार्ड कोणतंही असो, चॅनेल बघून झालं, अँटेना बघून झाली, तरी तुटत असेल तर वीजबचत बंद करून बघा. लिनक्स वायफाय कार्डाला मध्येमध्ये डुलकी घ्यायला लावतं. काही कार्डं त्या डुलकीतून नीट उठत नाहीत. ईटीसी, नेटवर्कमॅनेजर (यातले एन आणि एम मोठे), कॉन्फ-डॉट-डी या फोल्डरमध्ये पॉवरसेव्ह नावाची एक फाइल असते. आत वायफाय-डॉट-पॉवरसेव्ह पुढे ३ लिहिलेलं असेल. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. २ करा, सेव्ह करा, रीस्टार्ट करा. बॅटरी थोडी लवकर उतरेल. कायम चार्जरवरच असलेल्या घरच्या लॅपटॉपला त्याचं काही नाही.

अपडेटनंतर गेलं

लॅपटॉप चालू होताना शिफ्ट धरा, नव्या यूईएफआय लॅपटॉपवर एस्केप दाबा. ग्रबचा, म्हणजे काय चालू करायचं ते निवडायचा, मेनू येईल. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन यादीतला आधीचा कर्नल निवडा. वायफाय आलं तर कार्ड धडधाकट आहे. बहुधा नव्या कर्नलसाठी बाहेरचा ड्रायव्हर बांधला गेला नाही एवढंच. कर्नलसोबत येणारे ड्रायव्हर आपोआप बदलतात, ब्रॉडकॉमच्या 'डब्ल्यूएल'सारखे वेगळे टाकलेले प्रत्येक कर्नलसाठी नव्यानं बांधावे लागतात, आणि त्यासाठी त्या कर्नलचं 'हेडर्स' पॅकेज लागतं. टेदरिंग लावून हेडर्स टाका, ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर काढून पुन्हा लावा. तोवर जुन्या कर्नलवर काम चालू ठेवायला काही हरकत नाही. जागा वाचवायला म्हणून जुने कर्नल सगळेच्या सगळे उडवणाऱ्यांना हा मार्ग राहत नाही. एक तरी ठेवा.

निळा पडदा चुकला असेल

ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड बनवायला सांगितला होता का? किमान आठ अक्षरांचा? ते सिक्युअर बूटसाठी असतं. सिक्युअर बूट चालू असलेला लॅपटॉप सही नसलेला ड्रायव्हर आत घेत नाही. म्हणून लिनक्स स्वतःची सही बनवतं आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळा पडदा दाखवून तुमची मंजुरी मागतं. तो पडदा दहाच सेकंद थांबतो. माणूस तेवढ्यात चहा घ्यायला उठतो, किंवा घाबरून पहिल्याच ओळीवर, म्हणजे 'कंटिन्यू बूट'वर, एंटर मारतो. झालं. ड्रायव्हर टाकलेला दिसतो, चालत नाही.

ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, पासवर्ड कागदावर लिहा, रीस्टार्टला स्क्रीनसमोरून हलू नका. 'एनरोल एमओके', मग कंटिन्यू, मग यस, मग तो पासवर्ड.

सिक्युअर बूटच बंद करा असा सोपा सल्लाही मिळेल. एकटं लिनक्स असेल तर तोही मार्ग आहे. पण सोबत विंडोज असेल आणि डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल, तर बायोसमध्ये (लॅपटॉपच्या स्वतःच्या मूळ सेटिंग्जमध्ये) हा बदल केल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. नव्या लॅपटॉपांवर हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेलं असतं. की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते का ते आधी बघा, मगच बायोसला हात लावा. की नसेल तर हा बदल करायचाच नाही.

मागचं झाकण

इथपर्यंत सगळं करून कार्ड यादीतच येत नसेल तर बहुधा दोनपैकी एक: बायोसमध्ये वायरलेस बंद आहे किंवा कार्डाचा संपर्क सुटलाय. बायोस आधी बघा, ते फुकट आहे. मग लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कवर न टाकता थेट पेनड्राइव्हवरून, लिनक्स चालू करून बघा. तिथेही यादीत नाही म्हणजे लिनक्सचा प्रश्न उरला नाही.

झाकण उघडायची सवय असेल तरच पुढे. चार्जर काढा, झाकण उघडल्यावर आधी बॅटरीचा जोड सोडवा. वायफाय कार्ड बोटाच्या दोन पेरांएवढं असतं, एका स्क्रूवर बसवलेलं, त्यावर दोन बारीक वायरी, बहुधा एक काळी एक पांढरी, टोकाला तांदळाच्या दाण्याहून लहान गोल टोप्या. फोटो काढा. टोप्या नखानं सरळ वर उचला, आडव्या ओढल्या तर वायर हातात येते. स्क्रू काढला की कार्ड स्वतःच वर उचलतं. सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर हलक्या हातानं फिरवा, कण झटका, परत बसवा, टोप्या टिक आवाज येईपर्यंत दाबा. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांना जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा इतकी दमट असते की कपाटात पडून राहिलेल्या लॅपटॉपच्या पट्ट्यांवर काळपट थर धरतो. एवढ्यानं कार्ड यादीत परत येताना मी पाहिलंय.

कार्ड बदलायचं ठरवलं तर इंटेलचं घ्या, पण आधी तुमच्या मॉडेलचा बायोस दुसरं कार्ड स्वीकारतो का ते शोधा. काही जुन्या लॅपटॉपांच्या बायोसमध्ये मंजूर कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं लावलं की लॅपटॉप सुरूच होत नाही, अनधिकृत कार्ड म्हणून अडून बसतो. कार्ड काढलं की परत सुरू होतो, घाबरायचं नाही.

झाकण नको असेल तर यूएसबी डाँगल. खोक्यावर चिप कोणती ते लिहिलेलं नसतं आणि एकाच मॉडेलच्या नव्या आवृत्तीत चिप बदललेली असते, त्यामुळे मॉडेलचं नाव पाठ करून उपयोग नाही. मीडियाटेक ७६०१ किंवा ॲथेरॉस ९२७१ चिपचं मिळालं तर ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. वाशी स्टेशनसमोरच्या मॉलमधल्या दुकानांत जाताना लॅपटॉप सोबत न्या, लावून बघा, नेटवर्क दिसलं तरच पैसे द्या. लावल्यावर डाँगलऐवजी सीडीसारखं एक ड्राइव्ह उघडलं तर ते आधी विंडोजचा ड्रायव्हर देऊ बघतंय. त्या ड्राइव्हवर 'इजेक्ट' करा. त्यानंतरही नेटवर्क आलं नाही तर दुसरं मागा.

इथे थांबा, माणूस बोलवा

झाकण उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली, किंवा टचपॅड वर उचलला गेलेला असेल, तर पुढे काहीही करू नका. चार्जर लावू नका, बॅटरी दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, थेट दुकान. कार्ड मदरबोर्डला झाळलेलं असेल, अँटेनाची टोपी तुटून कार्डावर राहिली असेल, लॅपटॉपवर पाणी सांडलेलं असेल किंवा बायोसलाच कोणाचा तरी पासवर्ड असेल, तरीही तुमचं काम संपलं. लॅपटॉप ऐरोली-महापेच्या एखाद्या कंपनीनं दिलेला असेल तर झाकणच काय, बायोसही उघडू नका. तो त्यांच्या आयटीवाल्याकडे द्या. आणि डिस्कवर एकाच जागी असलेले फोटो किंवा हिशेब असतील तर सर्व्हिसला देण्याआधी त्यांची प्रत काढून घ्या, कारण बहुतेक दुकानांत पहिला उपाय 'फॉरमॅट' हाच असतो.

दुकानदाराला 'वायफाय चालत नाही' म्हणू नका, तो विंडोज टाकून देईल. 'कार्ड यादीत येत नाही, लाइव्ह पेनड्राइव्हवरही येत नाही, बायोस बघून झालंय' असं सांगा, मघाचा फोटो दाखवा आणि पेनड्राइव्ह सोबत ठेवा. जुनं कार्ड परत मागून घ्या. लॅपटॉप हातात आला की तिथेच काउंटरवर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, दुकानाच्या वायफायला जोडा, आणि मग बिल द्या.